विश्लेषण : गोंड चित्रकला हौशी वर्गात शिकता येते का? कचारगडच्या गोष्टीचा रंगांशी काय संबंध?

ठिपके, बारीक रेषा, हरणाच्या शिंगांतून उगवलेले झाड. 'गोंड पेंटिंग' आता साड्यांवर, कपांवर आणि मोबाइलच्या कव्हरवरही दिसते. सुट्टीतील छंदवर्गांत आणि एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांत ती शिकवली जाते. मोबाइलवर तर दहा मिनिटांत 'गोंड मोर' काढून दाखवणारे व्हिडीओ भरपूर आहेत. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. तिथे सांगितली जाणारी लिंगोची कथा ज्या परधान गायकांनी पिढ्यान्पिढ्या गाऊन टिकवली, त्यांच्याच समाजातून ही चित्रशैली पुढे आली. त्यामुळे हौसेने ब्रश हाती घेणाऱ्याने आधी ठिपके शिकावेत की गोष्ट, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कचारगड कुठे आहे, त्याचे महत्त्व काय?

कचारगड गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या सीमा इथून जवळ आहेत. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरील गोंदिया आणि डोंगरगड यांच्या दरम्यानचे दरेकसा हे जवळचे स्थानक. पायथ्याच्या धनेगावातून जंगलातील चढण चढून डोंगरातील विशाल नैसर्गिक गुहेपर्यंत जाता येते. माघ पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. भाषाअभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या यात्रेला आजचे संघटित रूप देण्यात पुढाकार घेतला.

प्रचलित कथेनुसार, शंभूसेकने माता कली कंकालीच्या ३३ मुलांना या गुहेत कोंडले आणि तोंडावर मोठी शिळा बसवली. पहांदी पारी कुपार लिंगो यांनी संगीतकार हिरासुका पाटालीर यांच्या मदतीने ती शिळा हलवली. मुले सुटली, पण हिरासुका शिळेखाली सापडले. पुढे लिंगोंनी या मुलांना 'कोया पुनेम' म्हणजे जगण्याची रीत शिकवली आणि समाजाची सगा व गोत्रांत रचना केली, असे मानले जाते.

याच परंपरेनुसार गोत्रे ७५० आहेत आणि प्रत्येक गोत्राकडे एक झाड, एक पशू आणि एक पक्षी यांच्या रक्षणाची जबाबदारी आहे. आपल्या गोत्राचे झाड तोडायचे नाही, प्राणी मारायचा नाही. गोंड चित्रांत झाडे आणि प्राणी इतके का दिसतात, याचे एक उत्तर इथे सापडते. गोंड घरातील माणसासाठी चित्रातले कासव किंवा झाड हे नात्यातले असू शकते.

ही कथा सांगत कोण आले?

गोंड समाजात कथा सांगण्याचे काम परधानांकडे होते. परधान हे गोंडांचे गायक, वंशावळी जपणारे आणि विधी करणारे. 'बाना' हे तंतुवाद्य वाजवत ते यजमान गोंड कुटुंबांच्या घरी जात, बडादेवाला आवाहन करत, कुळाच्या आणि राजांच्या कथा गात. त्या बदल्यात त्यांना धान्य, कपडे, जनावरे अशी भेट मिळे. महाराष्ट्रातही परधान समाज आहे आणि अनुसूचित जमातींच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे.

लिंगोची कथा प्रथम कागदावर आली तीही विदर्भातून आणि परधानाच्या तोंडून. नागपुरात काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते प्रसिद्ध केले. त्या गीतात गोंडांना कोंडून ठेवलेल्या जागेचे नाव 'काचीकोपा लोहागड' असे येते. कचारगडशी या नावाची सांगड घातली जाते. गीतातील तपशील आणि आज कचारगडला सांगितली जाणारी कथा यांत फरक आहेत. तोंडी परंपरेत असे पाठभेद असतातच.

मग 'गोंड चित्रकला' कचारगडची आहे का?

नाही. आज बाजारात, संग्रहालयांत आणि वर्गांत 'गोंड चित्रकला' म्हणून जी शैली ओळखली जाते, ती मध्य प्रदेशातील पाटनगढ या गावच्या परधान गोंड कलावंतांनी घडवली. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट, त्यापलीकडे मंडला आणि दिंडोरी. पाटनगढ हे दिंडोरी जिल्ह्यात, नर्मदेच्या उगमाकडच्या भागात आहे.

या गावाशी मराठी माणसाचाही जुना संबंध आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत आलेले शामराव हिवाळे यांनी याच परिसरात आयुष्य घालवले. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. एल्विन यांचा मध्य भारतातील आदिवासी कलेवरचा ग्रंथ १९५१ चा. म्हणजे पाटनगढची चित्रे जगापुढे येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या गायकांची नोंद झाली होती.

या भागात सणासुदीला घराच्या भिंती आणि जमीन सारवून त्यावर 'डिगना' काढण्याची रीत आहे. डिगना म्हणजे भौमितिक आकृत्यांची नक्षी. ती बहुतेक करून बायका काढतात. पांढऱ्यासाठी छुई माती, लालसाठी गेरू, पिवळ्यासाठी रामरज, काळ्यासाठी कोळसा हे त्यातले रंग. भिंतीवर मातीचे उठावकामही केले जाई. पण कागदावरचा मोर, शिंगांचे झाड किंवा विमान गिळणारा पक्षी या डिगन्यात नव्हता. तो नंतर आला.

भिंतीवरची कला कागदावर कशी आली?

१९८१ मध्ये भोपाळमध्ये भारत भवन या कलाकेंद्राची तयारी सुरू होती. तिथल्या रूपंकर संग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण कलावंतांचे गट मध्य प्रदेशातील गावागावांत पाठवले. पाटनगढमध्ये त्यांना एका घराच्या भिंतीवरचे चित्र दिसले. ते जनगढ सिंह श्याम या तरुणाने काढले होते. जनगढ भोपाळला आले. कागद, पोस्टर रंग आणि छापचित्राचे तंत्र त्यांच्या हाती आले. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवनचे उद्घाटन झाले आणि जनगढ यांची चित्रे तिथे लागली.

तोवर परधान ज्या देवांना गाण्यातून बोलवत होते, त्यांचे रूप कुणी असे रंगवले नव्हते. जनगढ यांनी ते कागदावर आणले. आकृतीच्या आत ठिपक्यांच्या रांगा, लहरी, कंगव्यासारख्या रेषा भरण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील एका गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम होते. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढण्याच्या कामावर असताना त्यांचा तिथेच मृत्यू झाला. परदेशी कामावर जाणाऱ्या लोककलावंतांच्या अटी, मोबदला आणि एकटेपण यांवर त्यानंतर बरीच चर्चा झाली.

म्हणजे ही शैली हजारो वर्षे जशीच्या तशी चालत आलेली नाही. तिच्या मागची गाणी आणि कथा फार जुन्या आहेत. कागदावरची चित्रे जेमतेम साडेचार दशकांची. हे कळले की शिकणाऱ्याचा दृष्टिकोन बदलतो. एकाच ठरीव पद्धतीने काढले तरच ते गोंड, असा नियम मूळ कलावंतांनीही कधी पाळलेला नाही.

मूळ कलावंत ही कला कुठल्या वर्गात शिकले?

वर्ग असा नव्हताच. जनगढ यांनी गावातील नातेवाइकांना भोपाळला बोलावून घेतले. त्यांचे घर हीच शाळा झाली. जनगढ आकृती काढत आणि शिकणारे आतला भराव करत. भज्जू श्याम यांची सुरुवात अशीच झाली. भोपाळमध्ये पहारेकरी म्हणून आणि इतर मिळेल ती कामे करणारे भज्जू काकांच्या चित्रांत बारीक रेषा भरू लागले. पुढे ते स्वतंत्र कलावंत झाले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भरावाची हीच उमेदवारी पुढे प्रत्येकाची ओळख बनली. जाणकार माणूस चित्राची सही न बघता भरावावरून कलावंत ओळखू शकतो. कुणाची साखळी, कुणाचे खवले, कुणाच्या तुटक रेषा. दुसऱ्याची नक्षी जशीच्या तशी न उचलता आपली शोधायची, हा या घराण्यातला अलिखित नियम.

आपली नक्षी आणि आपली नजर सापडली की कलावंत कोणतीही गोष्ट सांगू शकतो, याची दोन उदाहरणे आहेत. भज्जू श्याम लंडनमधील एका रेस्तराँच्या भिंती रंगवायला गेले होते. त्या अनुभवावरचे त्यांचे 'द लंडन जंगल बुक' २००४ मध्ये आले. त्यात बिग बेन हे घड्याळ कोंबडा झाले आहे, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडा. जमिनीखालून धावणारी रेल्वे गांडूळ झाली आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या जवळचे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील 'भीमायन' हे चित्रमय पुस्तक २०११ मध्ये साकारले. त्यांनी कॉमिक्सच्या चौकोनी चौकटी नाकारल्या आणि पाने डिगन्याच्या वळणांनी विभागली. पात्रांच्या संवादांचे फुगेही त्यांनी बदलले. मायेने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर विषारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

हौशी वर्गात काय शिकवले जाते, काय राहून जाते?

दोन-तीन तासांच्या कार्यशाळेत साधारणपणे एक तयार आकृती दिली जाते. बहुतेक वेळा मोर, मासा, हरीण किंवा हत्ती. शिकणारा ती गिरवतो, गडद रंग भरतो आणि वर ठिपके देतो. संध्याकाळी चौकट करून भिंतीवर लावण्याजोगे काहीतरी हाती येते. हात मोकळा होतो, मन रमते, चित्रकलेची भीती जाते. नोकरी करून, घर सांभाळून रविवारी दोन तास काढणाऱ्यासाठी हे कमी नाही.

पण राहून जाते ते असे की, ही आकृती कुणाची आणि हरणाच्या शिंगांतून झाड का उगवते, हे कुणी सांगत नाही. साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडात बडादेवाचा वास मानतात, हे माहीत असेल तर झाड काढताना त्याला कागदावर कुठे जागा द्यायची, हे वेगळे ठरते. ते माहीत नसेल तर झाड ही रिकामी जागा भरण्याची सोय होते. मग वीस जणांच्या वर्गात वीस एकसारखे मोर तयार होतात. पाटनगढच्या घराण्यात दुसऱ्याची नक्षी उचलणे कमीपणाचे. छंदवर्गात मात्र हुबेहूब उतरवणाऱ्याचे कौतुक होते.

वर्ग निवडताना तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. शिकवणारा मूळ कलावंतांची नावे आणि कामे दाखवतो का? गिरवण्यासाठी आकृती देतो की स्वतः काढायला लावतो? शेवटी प्रत्येकाचे चित्र वेगळे दिसते का? नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय यांसारख्या संस्थांच्या शिबिरांवर आणि मेळ्यांवर लक्ष ठेवले, तर पारंपरिक कलावंतांना प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधी मिळू शकते. ब्रश धरलेला हात जवळून पाहणे हे कुठल्याही व्हिडीओपेक्षा जास्त शिकवते.

घरी सुरुवात कशी करावी?

साहित्य फार लागत नाही. जाडसर कार्ट्रिज कागद, पेन्सिल, पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग, एक मध्यम आणि एक शून्य क्रमांकाचा गोल ब्रश, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे बारीक काळे पेन. पोस्टर रंग स्वस्त असतात, पण वाळल्यानंतरही ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतात. त्यामुळे वरची पांढरी रेष खालच्या लाल रंगात मिसळून गुलाबी होते. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने हलत नाही. बारीक भरावासाठी तो सोयीचा. रंग पुरता वाळण्याआधी पेन फिरवले तर त्याचे टोक चोंदते.

क्रम असा ठेवावा. आधी गोष्ट ठरवावी, एका वाक्यात सांगता येईल इतकी लहान. मग एकच मोठी आकृती पेन्सिलने काढावी. हाताची रेष सलग आणि वळणदार राहील याकडे लक्ष द्यावे. बहुतेक चित्रांत प्राणी बाजूने दिसतो आणि छायाप्रकाश नसतो. त्यामुळे 'मला हुबेहूब काढता येत नाही' ही नवशिक्याची अडचण इथे आड येत नाही. त्यानंतर सपाट रंग द्यावा. तो वाळल्यावर कडेची रेष आणि सर्वात शेवटी आतला भराव.

भराव करताना घाई नको. रेषांची दिशा आकाराच्या वळणाबरोबर जावी. मानेवर मानेच्या वळणाने, पोटावर पोटाच्या गोलाईने. एवढे साधले तरी सपाट चित्र हलू लागते. एका आकृतीत एक किंवा दोनच नक्ष्या वापराव्यात. पाच-सहा प्रकार एकत्र आले की नजर कुठेच ठरत नाही.

नक्षी शोधायला इंटरनेटवर जाण्याची गरज नाही. गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. धानाची लोंबी, बांधीत साचलेल्या पाण्यावरची लहर, बांबूच्या टोपलीची वीण, माशाचे खवले, मोहाच्या फुलांचा सडा यांतील प्रत्येक गोष्ट दोन बोटांच्या जागेत नक्षी होऊ शकते. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. इथल्या शिकणाऱ्याने मोराऐवजी सारसाची जोडी काढली, तर ती गिरवायला कुठली तयार आकृती मिळणार नाही, आणि हेच चांगले आहे.

वारली, मधुबनी आणि गोंड यांत गल्लत का होते?

अनेक वर्गांत तिन्ही एकाच पाठात शिकवल्या जातात म्हणून. महाराष्ट्रातील वारली चित्रे गेरूच्या किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात काढली जातात. त्यांतील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेले. मधुबनी ही बिहारच्या मिथिला भागातील. तिची खूण म्हणजे दुहेरी बाह्यरेषा आणि मोठे डोळे. गोंड चित्रात रंग सपाट असतो आणि ओळख आतल्या भरावात असते. तिन्हींचे मिश्रण करून सुंदर चित्र होऊ शकेल, पण त्याला यांपैकी कुठलेही नाव देणे बरोबर नाही.

शाळेत शिकण्याची सोय कितपत?

महाराष्ट्रात चित्रकलेची पहिली औपचारिक ओळख होते ती कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांतून, म्हणजेच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमधून. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय त्यांत येतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्याला दहावीला वाढीव गुण मिळतात : अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. त्यामुळे शहरांत या परीक्षांचे वर्ग जोरात चालतात. संकल्पचित्रात दिलेली जागा आकारांनी विभागून रंगवायची असते. डिगना पाहिलेल्या मुलाला हे काम परके वाटू नये.

अडचण शिक्षकाची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुले असतील तरच कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. जंगलपट्ट्यातील लहान गावांच्या शाळांत पटसंख्या बहुधा याच्या खूप खाली असते. म्हणजे ज्या मुलांच्या घरात लिंगोची कथा अजून सांगितली जाते, त्यांच्याच शाळेत चित्रकलेचा शिक्षक मिळण्याची शक्यता सर्वात कमी. शहरातल्या मुलाला गोंड पेंटिंगची कार्यशाळा मिळते आणि गोंड मुलाला चित्रकलेचा तासही मिळेलच असे नाही.

शिकून काढलेले चित्र विकता येते का?

घरी लावण्यासाठी, भेट देण्यासाठी किंवा सरावासाठी कुणीही या शैलीत चित्र काढू शकतो. विक्रीचा प्रश्न आला की दोन कायदे आड येतात. पहिला भौगोलिक मानांकनाचा. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये हे मानांकन मिळाले. वारलीला ते २०१४ मध्ये मिळाले होते. मानांकन मिळालेले नाव विक्रीसाठी वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यांना असतो. म्हणून छंदवर्गात शिकून काढलेले चित्र 'अस्सल गोंड पेंटिंग' म्हणून विकणे योग्य नाही.

दुसरा कायदा स्वामित्वहक्काचा, १९५७ चा. चित्रावर कलावंताचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. जनगढ यांच्या चित्रांवरही तो अजून लागू आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी नक्कल करण्यास कायद्यात मुभा आहे. ती नक्कल विकणे, कॅलेंडरवर छापणे किंवा आपल्या नावाने प्रदर्शनात लावणे हा भंग ठरू शकतो. 'लोककला आहे, म्हणजे सगळ्यांची' हा समज चुकीचा आहे. या चित्रांना बनवणारी माणसे आहेत आणि त्यांतील अनेकांचे पोट याच कामावर चालते.

कचारगड परिसरातील मुलांसाठी हा विषय का महत्त्वाचा?

परधान गायकांची यजमानी जवळपास संपली, तेव्हा पाटनगढच्या तरुणांनी गाणे रंगात उतरवले. गोंडी भाषा आज तशाच वळणावर आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३० लाख होती. देशातील गोंड लोकसंख्या त्याहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे गोंड घरांतील मोठ्या हिश्श्यात ही भाषा आता बोलली जात नाही. भाषा सुटली की तिच्यातील कथाही विरळ होत जातात.

इथेच चित्रकलेच्या साध्या वर्गाचा उपयोग होऊ शकतो. त्यासाठी मोठी इमारत किंवा महागडे साहित्य लागत नाही. गावातील एखादे जाणते माणूस तासभर लिंगोची, हिरासुकाची किंवा आपल्या गोत्राच्या झाडाची गोष्ट सांगेल, आणि नंतर मुले ती कागदावर काढतील, एवढी रचना पुरेशी आहे. देवतांचे आणि विधींचे काय काढावे, काय काढू नये, हे भुमका आणि वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. गुहेच्या कातळावर मात्र ब्रश लावू नये. ती जागा श्रद्धेची आहे आणि तिथला कातळ पुन्हा पुसता येत नाही.

अशा वर्गातून निघालेली चित्रे पाटनगढसारखी दिसणार नाहीत. ती तशी दिसावीत असा आग्रहही नको. जनगढ यांनी आपल्या गावची गाणी आपल्या रेषेत काढली, भज्जूंनी लंडनची रेल्वे आपल्या शेतातल्या गांडुळासारखी पाहिली. कचारगडच्या मुलांकडे तर शिळेमागे अडकलेल्या ३३ मुलांची गोष्ट आणि ती शिळा हलवताना जीव गमावलेला वादक आहे. ही गोष्ट त्यांना ऐकवायला आणि कागद-रंग त्यांच्या हाती द्यायला मोठ्यांनी वेळ काढला पाहिजे.